टीएमसी, क्युसेक आणि अलमट्टी: धरणांच्या बातम्या कशा वाचायच्या

जुलै लागला की वर्तमानपत्राचं पहिलं पान आकड्यांनी भरून जातं. कोयनेत चोवीस तासांत पाच टीएमसीची आवक. राधानगरीचे चार स्वयंचलित दरवाजे उघडले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ३८ फुटांवर. उजनी उणेतून बाहेर. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून दीड लाख क्युसेकचा विसर्ग. एकाच पानावर टीएमसी, क्युसेक, फूट, मीटर आणि टक्के अशी पाच मापं असतात आणि ती एकमेकांशी कशी जुळवायची हे कुणी सांगत नाही. मग व्हॉट्सअॅपवर निष्कर्ष फिरायला लागतात: धरण भरलं नव्हतं तरी पाणी सोडलं, कर्नाटकाने मुद्दाम अडवलं, आपलं पाणी फुकट गेलं. यातलं सगळंच खोटं नसतं. पण खरं किती, हे मापं कळल्याशिवाय सांगता येत नाही.

शिवाय अलमट्टीची उंची वाढवण्याचा विषय २०२५ पासून पुन्हा तापला आहे. तो समजून घ्यायचा तर सुरुवात मापांपासूनच करायला हवी.

साठा वेगळा, प्रवाह वेगळा

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. जलसंपदा विभागाच्या पत्रकात हेच माप 'दलघमी', म्हणजे दशलक्ष घनमीटर, असं येतं. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. धरणात किती पाणी आहे ते या मापाने सांगतात.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे जवळपास २८ लिटर. दरवाजातून, सांडव्यावरून किंवा नदीतून पाणी किती वेगाने जातंय ते हे माप सांगतं. गाडीने कापलेले किलोमीटर आणि गाडीचा ताशी वेग यांत जो फरक, तोच टीएमसी आणि क्युसेकमध्ये. नुसत्या वेगावरून गाडी किती लांब गेली ते कळत नाही. ती किती वेळ चालली तेही हवं. म्हणून '५० हजार क्युसेक पाणी सोडलं' ही बातमी अर्धीच असते. दोन तास सोडलं की दोन दिवस?

या दोन्ही मापांना जोडणारा एक आकडा आहे आणि तो पाठ करण्यासारखा आहे: ११,५७४. एवढे क्युसेक सलग चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतं. ढोबळमानाने साडेअकरा हजार धरा.

राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत जातं. चार दरवाजे उघडले तर ५,७१२. हे चारही दरवाजे दिवसभर उघडे राहिले तर निम्मा टीएमसी पाणी बाहेर पडतं. धरणाची क्षमता साडेआठ टीएमसीच्या आत आहे. म्हणजे दरवाजे उघडल्याची बातमी ठळक असली तरी त्या दिवशी धरणातलं फार थोडंच पाणी खाली गेलेलं असतं. उलट कोयनेत एका दिवसात पाच टीएमसी आलं याचा अर्थ दिवसभर सरासरी ५८ हजार क्युसेकने पाणी येत होतं. हा आकडा मात्र गंभीर आहे.

फुटांचं गणित याहून वेगळं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ फुटांना. प्रत्येक ठिकाणच्या पट्टीचा शून्य वेगळा असतो, त्यामुळे 'सांगलीत ४२ आणि कोल्हापुरात ४२' या दोन बातम्यांची तुलनाच होत नाही. सांगलीत ४२ फुटांना धोका पातळीपर्यंत अजून तीन फुटांचं अंतर असतं, कोल्हापुरात एकाच फुटाचं.

टक्के नेमके कशाचे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. धरणात तळाशी जो भाग सहसा वापरायचा नाही असं धरून चालतात त्याला मृतसाठा म्हणतात. त्याच्यावरचा तो उपयुक्त साठा. बहुतेक धरणांचे टक्के या उपयुक्त साठ्याचे असतात, एकूण पाण्याचे नव्हेत.

जायकवाडीची एकूण क्षमता जवळपास १०३ टीएमसी. त्यात २६ टीएमसी मृतसाठा. म्हणजे 'जायकवाडी शून्य टक्क्यांवर' ही बातमी येते तेव्हाही नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, २६ टीएमसी पाणी असतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसी आहे, यावरून अंदाज यावा.

उजनी तर या बाबतीत एकमेवच म्हणावी लागेल. एकूण क्षमता ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसी, मृतसाठा. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्याची गरज भागवताना या मृतसाठ्यात हात घालावा लागतो आणि मग टक्के उणे होतात. उजनी उणे २० टक्के म्हणजे उपयुक्त क्षमतेच्या वीस टक्क्यांएवढं, जवळपास पावणेअकरा टीएमसी पाणी मृतसाठ्यातून खर्च झालं. तरी धरणात ५२-५३ टीएमसी उरतंच. भरलेल्या कोयनेच्या निम्मं. सोलापूरकरांच्या टंचाईचं दुःख खोटं आहे असं यातून कुणी काढू नये. खालचं पाणी कालव्यात येणं अवघड असतं, त्यात गाळ असतो, दर्जा घसरलेला असतो. पण 'उजनी कोरडी पडली' आणि 'उजनी उणेत गेली' यांत मोठंच अंतर आहे.

धरण भरलेलं नसताना पाणी का सोडतात?

कारण धरण भरायला किती वेळ लागेल हे आजच्या साठ्यावर ठरत नाही, येणाऱ्या पाण्याच्या वेगावर ठरतं.

कोयनेचं उदाहरण घेऊ. क्षमता १०५ टीएमसी. समजा आज ८० टीएमसी साठा आहे. २५ टीएमसीची जागा रिकामी, म्हणजे घाई काय? पण पाणलोटात, म्हणजे कोयना, नवजा, महाबळेश्वर या भागात मोठा पाऊस लागला आणि आवक एक लाख क्युसेकवर गेली, तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी येतं. तीन दिवसांच्या आत धरण काठोकाठ. त्यानंतर जेवढं पाणी वरून येईल तेवढं तसंच खाली सोडण्यावाचून इलाज नसतो. तेव्हा एक लाख क्युसेक खाली सोडण्यापेक्षा आधीपासून तीस-चाळीस हजार सोडत राहणं कराड-सांगलीसाठी कमी धोक्याचं.

यासाठी प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला पातळी किती असावी याचं ते वेळापत्रक. पंधरा जुलैला एवढी, एक ऑगस्टला एवढी, आणि पावसाळा सरता सरता पूर्ण भरायचं. त्या तारखेच्या ठरलेल्या पातळीपेक्षा पाणी वर गेलं की सोडायचं, मग धरण ७० टक्के का असेना. खडकवासल्यात हे दरवर्षी दिसतं. ते धरण जेमतेम दोन टीएमसीचं आहे आणि वरच्या तिन्ही धरणांचं पाणी त्यातूनच पुढे जातं. साहजिकच वरची धरणं निम्मी रिकामी असतानाही ते भरतं, मुठेत विसर्ग सुरू होतो, पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पुढे दौंडजवळ आवक वाढून उजनीचे टक्के हलायला लागतात.

मग पावसाळाभर धरणं रिकामीच का ठेवत नाहीत?

पुराच्या काळात हे म्हणणं सगळ्यांना पटतं आणि पुढच्या मे महिन्यात कुणालाच आठवत नाही. आपल्याकडचं वर्षाचं पाणी चार महिन्यांत येतं, त्यातही घाटमाथ्यावरचा मोठा हिस्सा काही आठवड्यांतच. ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरण निम्मं ठेवलं आणि नंतर पावसाने पाठ फिरवली तर आठ महिने काय करायचं? त्यात कोयनेवर वीजनिर्मितीचा भार आहे. धरण चालवणाऱ्या अभियंत्याला पुराचा आणि टंचाईचा असा दोन्हीकडचा धोका एकाच वेळी तोलावा लागतो, तोही हवामानाच्या तीन-चार दिवसांच्या अंदाजावर. चुकला तर दोन्हीकडून शिव्या. असं असलं तरी परिचालन सूची पाळली गेली की नाही, हे विचारण्याचा हक्क लोकांना आहेच; आणि तो पुरेसा बजावला जात नाही असं मला वाटतं. विधानसभेत चर्चा दरवाज्यांवर होते, तारखेनिहाय पातळीवर क्वचितच.

पुराचं पाणी दुष्काळी भागात नेता येत नाही का?

येतं, आणि नेतातही. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजना पूरकाळात चालवून जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडे पाणी देण्याचे प्रयोग झाले आहेत. प्रश्न प्रमाणाचा आहे. नदी दोन लाख क्युसेकने वाहत असेल तर दिवसाला १७ टीएमसी पाणी जातं. हजार क्युसेक क्षमतेची उपसा योजना महिनाभर अखंड चालली तरी अडीच टीएमसीच उचलेल. दुष्काळी तालुक्याला अडीच टीएमसी म्हणजे सोनं, पण सांगलीच्या पुराची उंची त्याने इंचानेही हलणार नाही. या दोन गोष्टी एका घोषणेत बसवल्या जातात, तिथे गडबड होते.

आपलं पाणी खालच्या राज्यांना का द्यायचं?

कृष्णा महाबळेश्वरला उगवते म्हणून ती महाराष्ट्राच्या मालकीची होत नाही. राज्यघटनेनुसार पाणी हा राज्यांचा विषय आहे, पण एकापेक्षा जास्त राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांसाठी अनुच्छेद २६२ मध्ये वेगळी सोय केली आहे. त्यावरून १९५६ मध्ये आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा आला. राज्यांचं आपसात जमलं नाही तर केंद्र सरकार लवाद नेमतं.

कृष्णेसाठी पहिला लवाद १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याचा निवाडा १९७३ मध्ये आला आणि १९७६ मध्ये अंतिम झाला. लवादाने आधी नदीत खात्रीने किती पाणी असतं ते ठरवलं: २,०६० टीएमसी. इथे '७५ टक्के विश्वासार्हता' असा शब्द येतो. शंभर वर्षांपैकी पंच्याहत्तर वर्षं नदीत निदान एवढं पाणी असेल, असा त्याचा अर्थ. त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी मिळाले. वापरून पुन्हा नदीत झिरपणाऱ्या पाण्याचा हिस्सा वेगळा.

या ५६० मध्ये एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी पोफळीकडे, म्हणजे कोकणात, वीज करण्यासाठी वळवायला परवानगी आहे. मुळशीसारख्या टाटांच्या धरणांतून वर्षाला सरासरी ४२.६ टीएमसी असंच पश्चिमेला जातं. दोन्ही मिळून ११० टीएमसी. महाराष्ट्राच्या वाट्यातलं जवळपास पाचवा हिस्सा पाणी सह्याद्री उतरून शेवटी अरबी समुद्राला मिळतं. कर्नाटकाला जाणाऱ्या पाण्यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी हाही हिशेब मांडायला हरकत नाही.

बच्छावत निवाड्याचा फेरविचार २००० नंतर करायचा होता. २००४ मध्ये न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद आला. त्याने २०१० मध्ये निर्णय आणि २०१३ मध्ये सुधारित अहवाल दिला. यात वाटपासाठी धरलेलं पाणी २,५७८ टीएमसीवर गेलं: महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९०७, आंध्र १,००५. नदी अचानक मोठी झाली नव्हती. दर चार वर्षांतली तीन वर्षं मिळणाऱ्या पाण्याऐवजी सरासरी प्रवाहापर्यंत हिशेब वाढवला गेला, म्हणजे वरचं पाणी बऱ्याच वर्षी नदीत येणारच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०११ मध्येच हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करायला मनाई केली, आणि राजपत्रात आल्याशिवाय निवाडा लागू होत नाही. पुढे २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं आणि वाटेकरी तीनाचे चार झाले.

सांगली-कोल्हापूरचा महापूर अलमट्टीमुळे येतो का?

अलमट्टी धरण कर्नाटकात कृष्णेवर, विजयपूर आणि बागलकोट जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर, साठा १२३ टीएमसी. ते भरायला लागल्यावर काही वर्षांतच २००५ चा पूर आला, मग २०१९, मग २०२१. लोकांनी दोन आणि दोन चार केले. हा संशय अडाणीपणाचा आहे असं म्हणणं सोपं आहे, पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे: फुगवटा.

धरणाचं पाणी भिंतीपाशी सपाट दिसतं, पण पूर वाहत असताना जलाशयाची शेपटी सपाट नसते. वरून वेगाने येणारं पाणी साठलेल्या संथ पाण्याला भिडलं की मंदावतं आणि मागे चढतं. हा फुगवटा नदीचा उतार जितका कमी तितका लांब जातो, आणि सांगलीच्या खाली कृष्णेचा उतार कमीच आहे. त्यात पाणी मंदावतं तिथे गाळ बसतो, पात्र वर येतं, आणि फुगवटा वर्षागणिक आणखी मागे सरकू शकतो. अलमट्टीच्या वर हिप्परगी बंधारा आहे, त्याच्याही वर आपल्या हद्दीत शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा. अडथळ्यांची ही रांग आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच वजनदार आहे. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, कोल्हापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे. त्यानंतर राज्याने निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मधल्या तिच्या अहवालाने या पुराला अलमट्टी आणि हिप्परगी जबाबदार नाहीत असा निष्कर्ष काढला आणि अतिवृष्टी, पूरक्षेत्रातली बांधकामं, नदीतले अडथळे यांच्याकडे बोट दाखवलं. आपल्याच राज्याच्या समितीने हे म्हटलं, म्हणून कर्नाटक तो अहवाल पुढे करतं आणि इथले पूरग्रस्तांचे कार्यकर्ते त्यावर तुटून पडतात.

आता आपला ११,५७४ चा आकडा लावून पाहू. २०१९ च्या पुरात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या घरात विसर्ग होता. पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. इतक्या प्रवाहासमोर अख्खं अलमट्टी धरण कोरडं ठाक असतं तरी तीन दिवसांच्या आत भरलं असतं. म्हणजे 'अलमट्टी रिकामी ठेवली असती तर पूरच आला नसता' हे टिकत नाही. पण पुराचा उच्चांक अशाच दोन-तीन दिवसांत ठरतो. त्या वेळी खालची पातळी कमी असती तर वरचं पाणी लवकर उतरलं असतं का, सांगलीत पूर आठवड्याऐवजी चार दिवसांत ओसरला असता का, हा प्रश्न उरतोच, आणि तो हवेत सुटणारा नाही. त्याला नदीच्या पात्राची प्रत्यक्ष मोजणी आणि प्रवाहाचं गणिती प्रारूप लागतं. म्हणूनच 'धरण काढून टाका' पेक्षा 'पंधरा ऑगस्टपर्यंत पातळी ५१७ मीटरच्या आसपास ठेवा' ही आंदोलकांची मागणी मला जास्त शहाणपणाची वाटते.

इथे घरचं दुखणंही आहे. पंचगंगेच्या पूरक्षेत्रातून पुणे-बंगळूर महामार्ग भराव टाकून नेला आहे. मोठ्या पुरात शिरोलीजवळ तोच महामार्ग बंद पडतो आणि भरावाच्या अलीकडच्या बाजूला पाणी तुंबतं. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत बांधकामं उभी राहतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. त्या परवानग्या बंगळुरातून आलेल्या नाहीत.

उंची वाढली तर काय?

कर्नाटकाला अलमट्टी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत भरायची आहे, म्हणजे साडेचार मीटरहून थोडी जास्त, पंधरा फूट. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ५१९.६ ची मर्यादा घातली होती. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ५२४.२५६ ला मान्यता दिली, पण तो निवाडा राजपत्रात नसल्याने मान्यताही अडकून पडली. २०२५ मध्ये कर्नाटकाने पुन्हा जोर लावला. महाराष्ट्राने केंद्राकडे विरोध नोंदवला. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने बुडणाऱ्या जमिनीसाठी बागायतीला एकरी ४० लाख आणि कोरडवाहूला ३० लाख रुपये भरपाई मंजूर केली. बुडीत जाणारी जमीन ७५ हजार एकरांच्या वर आहे आणि ती कर्नाटकातलीच आहे. आपल्याकडच्या बातम्यांत त्या शेतकऱ्यांचा उल्लेख शोधावा लागतो.

पंधरा फुटांनी पातळी वाढली म्हणजे सांगलीत पंधरा फूट पाणी वाढेल, असं नाही. फुगवटा वर जाताना विरत जातो. पण शून्यच वाढेल असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही, कारण साठलेल्या गाळामुळे जुन्या मोजणीवर केलेलं गणित आज लागू पडत नाही.

उंचीचा निकाल लागायला न्यायालय, राजपत्र आणि भूसंपादन असे तीन टप्पे बाकी आहेत, त्याला वर्षं जातील. आहे त्याच धरणात जुलै-ऑगस्टमध्ये पाणी किती ठेवायचं, हा प्रश्न मात्र यातल्या कशावरच अवलंबून नाही. तो दोन राज्यांच्या जलसंपदा विभागांनी पावसाळ्याआधी बसून मिटवायचा आहे, आणि त्या बैठकीत ठरलेली तारीखवार पातळी काय होती हे दोन्ही राज्यांच्या संकेतस्थळांवर लावता येण्यासारखं आहे.